आयव्हीएफ प्रयोगशाळांची नोंदवही लोकांसमोर यावी

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळातील (गोमेकॉ) सुपरस्पेशालिटी इमारतीत २०२३ साली मोफत आयव्हीएफ उपचारांची, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवून भ्रूण गर्भाशयात सोडण्याची, सोय सुरू झाली, तेव्हा सरकारी इस्पितळात ही सेवा विनामूल्य देणारे देशातले पहिले राज्य म्हणून गोव्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. खाजगी केंद्रात एकेका प्रयत्नाचा खर्च लाखाच्या पुढे जातो, आणि पहिल्याच प्रयत्नात मूल होईल याची शाश्वती कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या, १.३ इतका खाली आलेला दिसला. या घसरणीचे मुख्य कारण वंध्यत्व नव्हे, हे मान्य करूनही, मूल हवे असून न होणाऱ्या जोडप्यांचा प्रश्न सरकारने आपला मानला याचे मोल कमी होत नाही.

मात्र त्या वेळची आणि नंतरचीही चर्चा बहुतेक पैशांभोवती आणि यशाच्या टक्केवारीभोवती फिरत राहिली. स्त्रीबीज शरीराबाहेर काढल्यापासून भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंतचे पाच-सहा दिवस, आणि भ्रूण गोठवला तर पुढची कित्येक वर्षे, तो ज्या खोलीत असतो त्या खोलीविषयी आपण जवळजवळ काहीच विचारत नाही. जोडप्याला ती खोली दिसत नाही आणि दिसण्याचा आग्रहही धरता येत नाही, कारण बाहेरच्या माणसांची वर्दळ तिथे घातक ठरते. म्हणूनच त्या खोलीत काय चालते याची माहिती ठरावीक नमुन्यात, दरवर्षी, लोकांसमोर यायला हवी असे माझे म्हणणे आहे. आणि गोव्यात त्याची सुरुवात खाजगी केंद्रांवर बडगा उगारून नव्हे, तर सरकारने स्वतःच्या प्रयोगशाळेपासून करावी.

ही मागणी कागदी वाटू नये यासाठी त्या खोलीतले काम थोडे तपशिलात पाहावे लागेल. स्त्रीबीजाचा व्यास मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाइतका असतो. शरीरात ते अंधारात, ३७ अंशांच्या आसपास असते आणि बीजवाहिनीतले ऑक्सिजनचे प्रमाण बाहेरच्या हवेतल्या प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी असते. प्रयोगशाळेला हे सगळे इनक्युबेटरमध्ये उभे करावे लागते: ३७ अंश तापमान, पाच-सहा टक्के कार्बन डायऑक्साइड आणि चांगल्या केंद्रांत पाच टक्के ऑक्सिजन. यातला कार्बन डायऑक्साइड भ्रूणाच्या पोषणासाठी नसतो. तो संवर्धन द्रवात विरघळून त्या द्रवाचा सामू (आम्लतेचे माप, पीएच) ७.२ ते ७.४ च्या दरम्यान राखतो. द्रवाचे थेंब काही मायक्रोलिटरचे असतात, आणि पाणी उडून क्षारांचे प्रमाण वाढू नये म्हणून त्यांवर खनिज तेलाचा थर घालतात. दार उघडले की तापमान आणि वायू दोन्ही ढळतात, त्यामुळे जाणता एम्ब्रिओलॉजिस्ट, म्हणजे प्रयोगशाळेत भ्रूण हाताळणारा तज्ज्ञ, भ्रूण पाहण्याच्या वेळा मोजून ठरवतो. शुक्राणूंशी संयोग घडवल्यावर १६ ते १८ तासांनी दोन केंद्रके दिसतात का, तिसऱ्या दिवशी पेशी आठाच्या आसपास पोचल्या का, पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे गर्भाशयात रुजण्याच्या टप्प्यावरचा भ्रूण, तयार झाला का, एवढे पाहून तो हात आवरता घेतो. भ्रूणाला यकृत नाही, मूत्रपिंडे नाहीत, प्रतिकारशक्ती नाही. हवेतला अपायकारक अंश तेलात किंवा द्रवात उतरला की तो थेट त्याच्यापर्यंत पोचतो.

हवेचा हा मुद्दा गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळेच्या हवेविषयी तज्ज्ञांनी कैरो येथे जी सहमती केली आणि २०१८ साली प्रसिद्ध केली, तिचा रोख धुळीइतकाच वाफांवरही आहे: ताजा रंग, फरशीचा फिनेल, अत्तर, गोंद, रस्त्यावर ओतले जाणारे डांबर. सूक्ष्म कण अडवणारे हेपा फिल्टर या वाफा अडवत नाहीत. त्यासाठी सक्रिय कार्बनचा वेगळा थर लागतो, तो वेळोवेळी बदलावा लागतो, आणि हवा फार दमट असेल तर त्याची शोषण्याची क्षमता घटते. ज्या प्रदेशात जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते, तिथे हा पुस्तकी तपशील राहत नाही. पाऊस ओसरू लागला की चतुर्थीच्या तोंडावर घरे-दुकाने रंगवण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि शहरांतली बरीचशी केंद्रे स्वतंत्र इमारतीत नसून दुकाने, बँका, दवाखाने यांच्या शेजारी असतात. खालच्या मजल्यावर रंगकाम चालू असताना वरच्या प्रयोगशाळेत संवर्धन थांबवतात का, पुढे ढकलतात का, की तसेच चालू ठेवतात? याचे उत्तर केंद्रागणिक वेगळे असू शकते, पण ते लिहून ठेवलेले असावे.

विजेचे तसेच आहे. पावसाळ्यात तारांवर माड पडला आणि लाईट गेली, हे गोव्यात कोणाला नवे नाही, आणि केवळ वीज खात्याला दोष देऊन इथे भागत नाही. वीज जाणार हे गृहीत धरूनच प्रयोगशाळा बांधावी लागते: वीज जाताच यूपीएसने भार उचलावा, थोड्या वेळात जनरेटर चालू व्हावा, आणि जनरेटर चालू झाला नाही तर कोणाचा तरी फोन वाजावा. या साखळीतला शेवटचा दुवा माणूस आहे, आणि तोच सर्वांत कच्चा राहतो. रविवारी रात्री अडीच वाजता फोन वाजला तर तो कोण उचलतो, तो किती मिनिटांत पोचतो, आणि त्याच्याकडे प्रयोगशाळेची किल्ली असते का, हे प्रश्न मला कोणत्याही परदेशी यंत्राच्या नावापेक्षा अधिक मोलाचे वाटतात.

गोठवलेल्या भ्रूणांबाबत एक गैरसमज दूर करावा लागेल. ते विजेच्या फ्रीजरमध्ये नसतात. ते उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये, थर्मासच्या तत्त्वावर बनवलेल्या टाकीत असतात, आणि टाकीच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी शाबूत आहे तोवर विजेशिवायही सुरक्षित राहतात. पण नायट्रोजन रोज थोडा थोडा उडून जातो, तो नियमित भरावा लागतो, आणि पोकळी फुटली तर तो झपाट्याने संपतो. म्हणजे इथे काळजी घेणे म्हणजे मुख्यतः पातळी मोजणे, ती लिहिणे, भरणे आणि पुन्हा मोजणे. आजच्या व्हिट्रिफिकेशन पद्धतीत भ्रूण इतक्या वेगाने थंड करतात की पेशीत बर्फाचे स्फटिक तयारच होत नाहीत, आणि त्यामुळे वितळवल्यावर नव्वद टक्क्यांहून अधिक ब्लास्टोसिस्ट जगणे ही आता किमान अपेक्षा मानली जाते. तंत्र इतके पुढे गेले, तरी टाकीची पातळी पाहणारा माणूस सुटीवर असेल तर ते सारे व्यर्थ आहे. गोव्याच्या केंद्रांना नायट्रोजन कुठून येतो, आणि पावसात चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड कोसळून अवजड वाहतूक थांबली तर हाताशी असलेला साठा किती दिवस पुरेल, हे जोडप्यांनी विचारायला हरकत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. मार्च २०१८ च्या पहिल्या शनिवार-रविवारी अमेरिकेत क्लीव्हलंडजवळच्या एका मोठ्या विद्यापीठीय इस्पितळाच्या केंद्रात टाकीचे तापमान वाढले आणि चार हजारांहून अधिक स्त्रीबीजे व भ्रूण गमावले गेले. दूरस्थ इशारा देणारी यंत्रणा बंद होती, हे इस्पितळाने नंतर मान्य केले. त्याच दोन दिवसांत सान फ्रान्सिस्कोतल्या दुसऱ्या एका केंद्राचीही टाकी निकामी झाली. सान फ्रान्सिस्कोतल्या घटनेवरून झालेल्या दाव्यात २०२१ साली ज्यूरीने पाच जणांना सुमारे दीड कोटी डॉलर भरपाई ठरवली आणि दोषाचा ९० टक्के वाटा टाकी बनवणाऱ्या कंपनीवर तर १० टक्के केंद्रावर ठेवला. दोन्ही ठिकाणी पैसा, तज्ज्ञ, उपकरणे यांची वाण नव्हती.

गोव्याला तर इतक्या दूरचे उदाहरणही नको. मे २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गोमेकॉमध्ये ऑक्सिजनच्या पुरवठ्यात रात्रीच्या वेळी अडथळे येत असल्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ११ मे रोजी पहाटे दोन ते सहा या वेळेत २६ रुग्ण दगावल्याचे खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितले होते. त्या मृत्यूंची तुलना भ्रूणांच्या हानीशी करणे गैर ठरेल आणि मी ती करत नाही. पण वायूचा दाब रात्री कोण पाहतो, तो घटल्यास कोणाला कळवतो आणि त्याची नोंद कुठे राहते, हा प्रश्न या राज्याने एकदा फार मोठी किंमत देऊन विचारला आहे. तोच प्रश्न नव्या विभागाला आधीच विचारणे हा अविश्वास नव्हे.

आता कायद्याकडे येऊ. सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा २०२१ च्या डिसेंबरात संमत झाला, जानेवारी २०२२ पासून लागू झाला आणि त्याचे नियम त्याच वर्षी जूनमध्ये आले. त्याआधी सोळा-सतरा वर्षे हे क्षेत्र भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांवर चालले, ज्या कोणावरही बंधनकारक नव्हत्या. त्या मानाने कायदा मोठी सुधारणा आहे. केंद्राची नोंदणी, तपासणी, एम्ब्रिओलॉजिस्टची पात्रता, समुपदेशक, तक्रार कक्ष, लेखी संमती, दहा वर्षे अभिलेख जपणे, हे सारे त्यात आहे. भ्रूणांच्या विक्रीला पहिल्या गुन्ह्यासाठी पाच ते दहा लाखांचा दंड आणि पुढच्या गुन्ह्यासाठी तुरुंगवास आहे. परंतु माझ्या वाचनात या कायद्याचा सारा रोख लबाडीवर आहे, हयगयीवर फार थोडा. केंद्राकडे कोणती उपकरणे आहेत हे तो विचारतो. ती उपकरणे गेल्या वर्षी किती वेळा बिघडली हे लोकांना कळेल अशी सोय त्यात नाही. केंद्रांची माहिती राष्ट्रीय नोंदपटाकडे जाते, पण म्हापशाच्या किंवा काणकोणच्या जोडप्याला तिथून एखाद्या केंद्राचा घटनानिहाय इतिहास पाहता येत नाही.

ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्याने नेमलेले स्वतंत्र प्राधिकरण केंद्रांचे तपासणी अहवाल प्रसिद्ध करते, केंद्रांना प्रत्येक चूक आणि थोडक्यात टळलेली चूक कळवावी लागते, आणि त्यांचा वर्गवार गोषवारा दरवर्षी जाहीर होतो. नमुन्यांची ओळख प्रत्येक टप्प्यावर दोघांनी पडताळण्याचा तिथला दंडकही असाच अनुभवातून घट्ट झाला. एका बशीतून दुसऱ्या बशीत, बशीतून नळीत, नळीतून गर्भाशयात, अशा दर हालचालीला दुसरी व्यक्ती नाव वाचून सही करते. कंटाळवाणे काम आहे, आणि कंटाळा आला की तिथेच चूक होते. २०२५ साली ऑस्ट्रेलियातील एका नामांकित कंपनीच्या ब्रिस्बेन केंद्रात एका स्त्रीच्या गर्भाशयात दुसऱ्या जोडप्याचा भ्रूण सोडला गेल्याचे उघड झाले आणि मूल जन्मल्यानंतर ते कळले. इथे तंत्रज्ञान अपुरे पडले नव्हते. ज्या केंद्रात एकच एम्ब्रिओलॉजिस्ट आहे, तिथे दुसरी सही कोणाची असते, हा प्रश्न छोट्या राज्यातल्या छोट्या केंद्रांना म्हणूनच विचारावा लागतो.

नोंदी जपण्याचे महत्त्व भारताला कोणी परक्याने शिकवायची गरज नाही. जुलै १९७८ मध्ये इंग्लंडात पहिले टेस्ट ट्यूब मूल जन्मले आणि त्यानंतर काही आठवड्यांत, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून दुसरे. त्यांनी तर भ्रूण गोठवून वापरला होता. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, १९८१ साली त्यांनी आयुष्य संपवले, आणि १९८६ साली मुंबईच्या केईएम इस्पितळातल्या जन्माला देशातील पहिलेपणाचा मान मिळाला. त्या मुंबईच्या यशातले एक शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे मुखर्जींचे कागदपत्र आणि टिपणे तपासून पहिलेपण त्यांचे असल्याचे १९९७ मध्ये जाहीरपणे मांडले. ते कागद उरले नसते तर हे मांडणे त्यांनाही जमले नसते.

वार्षिक अहवालात काय असावे? सध्या जाहिरातींत एकच आकडा असतो, यशाचा, आणि तो बहुधा निरुपयोगी असतो, कारण छेदात काय आहे हे सांगितलेले नसते. उपचार सुरू केलेल्या सर्व स्त्रिया की फक्त भ्रूण सोडलेल्या? यश म्हणजे रक्ततपासणी सकारात्मक येणे की मूल घरी येणे? शिवाय हा आकडा स्त्रीच्या वयावर इतका अवलंबून असतो की चाळिशीपुढच्या स्त्रियांना नाकारणारे केंद्र सहज वर दिसते. त्यापेक्षा प्रयोगशाळेचे स्वतःचे मापदंड प्रामाणिक असतात. २०१७ साली वियेन्नात ठरलेल्या मापदंडांनुसार, शुक्राणू सुईने आत सोडल्यावर निदान ६५ टक्के स्त्रीबीजांचे फलन नीट व्हावे आणि उत्तम प्रयोगशाळेत ते ८० टक्क्यांवर जावे. त्या प्रक्रियेत नष्ट होणारी बीजे १० टक्क्यांहून जास्त नसावीत. फलित बीजांपैकी किमान ४० टक्के ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचावीत, उत्तम प्रयोगशाळेत ६०. हे आकडे दरमहा काढले की बिघाड लवकर कळतो. ब्लास्टोसिस्टचे प्रमाण सलग दोन महिने घसरले तर द्रवाची खेप, वायूचा सिलिंडर, नवी बशी, शेजारचे रंगकाम, सगळे तपासता येते. २०२३ च्या अखेरीस एका अमेरिकी कंपनीला संवर्धन द्रवाच्या काही खेपा मॅग्नेशियम नसल्यामुळे परत मागवाव्या लागल्या. अशी खेप आपल्याकडे आली तर ती पकडायला हीच आकडेवारी हाताशी असते.

याउलट जोडप्यांना ज्या गोष्टी जादा पैसे घेऊन विकल्या जातात, त्यांचा पाया अनेकदा कच्चा असतो. इनक्युबेटरमध्येच कॅमेरा बसवून भ्रूणाची दर काही मिनिटांनी छायाचित्रे घेण्याची सोय आकर्षक आहे, एम्ब्रिओलॉजिस्टला ती सोयीचीही वाटते. पण २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या चाचणीत तिच्यामुळे जिवंत जन्मांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. सरकारी केंद्राने असल्या यंत्रांच्या मागे लागण्याआधी दुसऱ्या आणि तिसऱ्या एम्ब्रिओलॉजिस्टची पदे भरावीत. उद्घाटनाला यंत्र शोभते, पदभरती शोभत नाही, हे खरे आहे.

आक्षेप दोन आहेत. पहिला असा की चुका जाहीर करायच्या म्हटले तर केंद्रे त्या लपवतील. हा आक्षेप गंभीर आहे, आणि म्हणूनच सुरुवातीची काही वर्षे केंद्राचे नाव न घेता, राज्याच्या पातळीवर एकत्रित गोषवारा द्यावा आणि स्वतःहून कळवलेल्या चुकीला शिक्षेतून सवलत असावी. लपवलेली चूक उघड झाली तर मात्र नोंदणीवर परिणाम व्हावा. दुसरा आक्षेप संख्येचा आहे: गोव्यासारख्या राज्यात एखाद्या केंद्रात वर्षाला थोडीच प्रकरणे होतात, एका वाईट महिन्याने टक्केवारी कोसळते. त्यावर तीन वर्षांची एकत्र आकडेवारी देणे हा साधा उपाय आहे. रुग्ण घाबरतील, असे काही डॉक्टर म्हणतात, त्यात मला फारसे तथ्य वाटत नाही. हार्मोनची इंजेक्शने रोज घेऊन, भूल घेऊन, कर्ज काढून जी स्त्री इथवर आली आहे, ती टाकीच्या पातळीच्या नोंदीने घाबरणार नाही.

राहिला संमतिपत्राचा प्रश्न, आणि तो गोव्यात तातडीचा आहे. दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला किंवा एक जण असमर्थ ठरला तर भ्रूणांचे काय करावे, याची लेखी सूचना घेतल्याशिवाय ते गोठवू नयेत, असे कायदा सांगतो. वारसाहक्काच्या जमिनीच्या दस्तासाठी नोटरीसमोर बसून शब्दन् शब्द वाचणारी आपली माणसे हे कागद मात्र इंग्रजीत, घाईत, खुर्चीच्या हातावर ठेवून सही करतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान आणि मराठीला वापराची मान्यता दिलेल्या राज्यात, निदान सरकारी केंद्राचे संमतिपत्र या दोन भाषांत असायलाच हवे आणि ते घरी नेऊन वाचायला दोन दिवस मिळायला हवेत. यात बोटीवर काम करणाऱ्यांचा विचार वेगळा करावा लागेल. नवरा सहा-नऊ महिने जहाजावर असतो, म्हणून शुक्राणू आधी गोठवतात किंवा भ्रूण गोठवून पुढच्या रजेची वाट पाहतात. अशा जोडप्याचा पत्ता बदलतो, फोन क्रमांक बदलतो, शुल्क भरायचे राहते.

कायद्याने भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. २०२३ च्या अखेरीस गोव्यातल्या कोणत्याही केंद्रात गोठवलेल्या भ्रूणाची ही मुदत २०३३ च्या अखेरीस संपेल. त्याची सूचना आदल्या वर्षी पाठवायची की आदल्या महिन्यात, पोचपावती आली नाही तर काय करायचे, आणि परदेशी पाण्यात असलेल्या माणसाचे उत्तर यायला किती अवधी द्यायचा, याचा नियम आरोग्य खात्याला आत्ता, सरकारी केंद्रातल्या एकाही जोडप्याची मुदत संपलेली नसताना, शांतपणे करता येईल.